इमारत कोसळली तरी भाडेकरार कोसळत नाही

पावसाळ्याचे दिवस आले की मुंबईतील जुन्या इमारतींच्या दारावर महापालिकेच्या नोटिसा लागू लागतात. कुठे जिना खचतो, कुठे सज्जा कोसळतो, कुठे मीटरच्या खोलीत ठिणगी पडून मजलेच्या मजले जळतात. अशा प्रसंगी जीव वाचला यातच माणूस समाधान मानतो. पण दोन-चार दिवसांनी, नातेवाइकांच्या घरी किंवा एखाद्या शाळेच्या खोलीत बसल्यावर, भाड्याने राहणाऱ्या कुटुंबापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो. घरच राहिले नाही, तर भाडे द्यायचे का? करार संपला की चालू आहे? अनामत रक्कम परत मिळणार का? आणि उद्या त्याच जागी नवी इमारत उभी राहिली, तर तिच्यात आपला काही हक्क उरणार का?

‘घर पडले, करार संपला’ असा सर्वसाधारण समज आहे. बहुतेक घरमालकांचा तो आहेच, पण अनेक भाडेकरूंचाही आहे. कायदा मात्र तसे म्हणत नाही. भाडेकरार संपवायचा की टिकवायचा, हा निर्णय काही अटींवर कायद्याने भाडेकरूच्या हाती ठेवला आहे. तो निर्णय त्याने घेतला नाही, किंवा न वाचता एखाद्या कागदावर सही करून भलताच निर्णय घेतला, तर त्याची किंमत मोठी असते.

एकच इमारत, दोन भाडेकरू

दक्षिण मुंबईतील एखाद्या जुन्या चाळवजा इमारतीचे उदाहरण घेऊ. दुसऱ्या मजल्यावर पागडीचे कुटुंब राहते. तीन पिढ्यांपासून खोली त्यांच्याकडे आहे आणि भाडे महिन्याला काही शे रुपये आहे. शेजारच्या खोलीत दुसरे कुटुंब अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर राहते. त्याचे मासिक शुल्क बाजारभावाने आहे आणि अनामत रक्कमही मोठी आहे. एका रात्री इमारतीचा मागचा भाग कोसळतो आणि दोन्ही खोल्या राहण्यास अयोग्य ठरतात.

बोलण्यात दोघेही ‘भाडेकरू’च. पण कायद्याच्या दृष्टीने दोघांची स्थिती वेगळी आहे आणि हितसंबंध तर अगदी उलट आहेत. पागडीवाल्याचे हित करार टिकवण्यात आहे, कारण त्याच्या हक्काचे खरे मोल पुनर्विकासात आहे. लायसन्सवाल्याचे हित लवकरात लवकर मोकळे होऊन अनामत रक्कम परत मिळवण्यात आहे. म्हणून नुकसान झाल्यावर पहिला प्रश्न हाच की आपल्याजवळचा कागद कोणता आहे.

कलम १०८ काय सांगते?

भाडेपट्ट्याचा मूळ कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याच्या कलम १०८ मध्ये मालक व भाडेकरू यांचे परस्परांविषयीचे हक्क आणि कर्तव्ये दिलेली आहेत. त्यातील खंड (ई) चा आशय असा: आग, वादळ, पूर, सैन्याचा वा जमावाचा हिंसाचार किंवा अन्य अनिवार्य शक्ती यांमुळे भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा महत्त्वाचा भाग पूर्णपणे नष्ट झाला, किंवा ज्या कारणासाठी ती दिली होती त्यासाठी ती मोठ्या प्रमाणावर आणि कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेपट्टा भाडेकरूच्या इच्छेनुसार रद्द ठरतो.

यातील प्रत्येक शब्दाला वजन आहे. ‘भाडेकरूच्या इच्छेनुसार’ याचा अर्थ हा पर्याय मालकाला नाही. इमारत जळाली म्हणून मालक आपण होऊन भाडेपट्टा संपल्याचे जाहीर करू शकत नाही. त्याचबरोबर भाडेपट्टा आपोआपही संपत नाही. भाडेकरूने पर्याय वापरला तरच तो संपतो. न वापरल्यास करार चालू राहतो आणि त्यासोबत भाड्याची जबाबदारीही.

‘महत्त्वाचा भाग’ आणि ‘कायमची निरुपयोगी’ हे शब्दही असेच मोलाचे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईच्या उपनगरांतील असंख्य तळमजले पाण्याखाली गेले. पण जेथे पाणी ओसरले, भिंती उभ्या राहिल्या आणि रंगरंगोटीनंतर घर पुन्हा वापरात आले, तेथे केवळ या कलमाच्या आधारे भाडेपट्टा रद्द ठरवता येणे कठीण. गैरसोय कितीही झाली तरी ती तात्पुरती होती. याउलट, पुराच्या पाण्याने पाया खचला, अभियंत्याने इमारत धोकादायक ठरवली आणि ती उतरवण्यावाचून उपाय उरला नाही, तर कलमाची अट पूर्ण होते. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये आलेल्या महापुरांनी दोन्ही प्रकारचे नुकसान दाखवले. काही दुकाने गाळ काढून पुन्हा उघडली, तर काही बांधकामे पुन्हा वापरण्याजोगी राहिली नाहीत.

कलमाला दोन मर्यादा आहेत. पहिली म्हणजे नुकसान भाडेकरूच्या चुकीने झाले असेल, तर त्याला हा पर्याय मिळत नाही. दुकान मोठे दिसावे म्हणून मधली भिंत पाडली किंवा खांब कोरला आणि त्यातून स्लॅब खाली आला, तर करार रद्द करण्याचा हक्क जातोच, उलट भरपाईची जबाबदारी अंगावर येते. दुसरी मर्यादा कलमाच्या आरंभीच आहे. करारात वेगळे काही ठरले नसेल, किंवा स्थानिक रूढी वेगळी नसेल, तरच हे नियम लागू होतात. म्हणून छापील कराराच्या मागच्या पानावरील बारीक अक्षरे वाचणे अपरिहार्य ठरते.

याच कलमाच्या खंड (एम) मध्ये भाडेकरूला दिलासा देणारी तरतूद आहे. जागा मिळाली तशी परत करण्याचे कर्तव्य भाडेकरूवर आहे, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज आणि अनिवार्य शक्तीने झालेले नुकसान त्यातून वगळले आहे. शेजारच्या गाळ्यातून पसरलेल्या आगीत छप्पर जळाले असेल, तर ते दुरुस्त करून देण्याची मागणी मालक या कर्तव्याच्या आधारे करू शकत नाही.

राहायचेही आणि भाडेही नाही, असे चालत नाही

अनेकांना वाटते की करार अशक्य झाला म्हणजे १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ५६ नुसार तो आपोआप निरर्थक होतो. भाडेपट्ट्याच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद १९६८ मध्येच अमान्य केला. राजा ध्रुवदेवचंद यांच्या खटल्यात प्रश्न होता तो १९४७ च्या फाळणीत पाकिस्तानात गेलेल्या शेतजमिनीच्या भाडेपट्ट्याचा. भाडेपट्टा हा केवळ करार नसून मालमत्तेतील हक्काचे हस्तांतरण आहे आणि ते एकदा पूर्ण झाले की कलम ५६ त्याला लागू होत नाही, असे न्यायालयाने म्हटले. भाडेकरूला उपाय शोधायचा तो कलम १०८ मध्ये किंवा स्वतःच्या करारात.

करोनाकाळात हाच मुद्दा पुन्हा पुढे आला. टाळेबंदीमुळे दुकान बंद असल्याने भाडे स्थगित करावे, अशी मागणी दिल्लीतील एका दुकानाच्या भाडेकरूने केली. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ती फेटाळली. जागा नष्ट झालेली नव्हती, आणि भाडेकरूला ती सोडायचीही नव्हती. जागा आपल्याकडे ठेवायची आणि कायद्याचा आधार घेऊन भाडे मात्र थांबवायचे, असे करता येत नाही, हा त्या निर्णयाचा बोध. भाड्यात सूट हवी असेल तर ती करारातील अटीतून किंवा मालकाशी होणाऱ्या समझोत्यातून मिळू शकते.

इमारत गेली, जमीन राहिली

आता दुसऱ्या मजल्यावरच्या पागडीवाल्याकडे वळू. त्याने भाडेपट्टा रद्द केलेला नाही. इमारत मात्र महापालिकेने पाडून टाकली. त्याचा हक्क उरला का?

या प्रश्नावर बराच काळ संभ्रम होता. केरळमधील एका दुकानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने आधी असे म्हटले होते की, भाडे नियंत्रण कायद्याखालील दुकान पूर्णपणे नष्ट झाले तर भाडेकरूचा हक्कही संपतो. महाराष्ट्रातून गेलेल्या शहा रतनशी खिमजी खटल्यात २०१४ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हे मत बाजूला सारले. भाड्याने दिली जाते ती केवळ विटा-सिमेंटची रचना नव्हे. तिच्याखालची जमीनही त्यात येते. म्हणून इमारत महापालिकेने पाडली तरी तेवढ्याने भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. कलम १०८ चा पर्याय भाडेकरूचा आहे आणि त्याने तो वापरला नसेल तर भाडेपट्टा जिवंत आहे, असा या निर्णयाचा अर्थ.

मुंबईसारख्या शहरात या निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. भाडेकरूंपासून सुटका करून घेण्यासाठी दुरुस्ती टाळायची, इमारत मोडकळीस येऊ द्यायची आणि महापालिकेच्या हातून ती पाडवून घ्यायची, ही चाल सर्वांना ठाऊक आहे. इमारत जमीनदोस्त झाली म्हणजे भाडेकरूही नाहीसा झाला, हा त्या चालीमागचा हिशेब या निर्णयाने चुकीचा ठरवला.

पण हक्क असणे आणि घर मिळणे यांत अंतर आहे. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीत उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाची स्वतंत्र तरतूद असून पात्र भाडेकरूस किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्राचे घर देण्याची हमी आहे. आगीत नष्ट झालेल्या, कोसळलेल्या किंवा कायदेशीर आदेशाने पाडलेल्या इमारतींच्या पुनर्बांधणीसाठीही नियम आहेत. या साऱ्यांचा लाभ मिळतो तो ज्याचा भाडेकरू म्हणून हक्क शाबूत आहे त्याला. म्हणूनच कोसळलेल्या घरातून बाहेर पडताना, तात्पुरत्या निवाऱ्याच्या भाड्याचा धनादेश घेताना किंवा सामान हलवताना समोर येणारा प्रत्येक कागद वाचणे गरजेचे आहे. ‘ताबा स्वेच्छेने सोडत आहे’, ‘जागेवर कोणताही हक्क उरला नाही’ अशा एका ओळीने तीन पिढ्यांचा हक्क जाऊ शकतो. ‘सुरक्षिततेसाठी तात्पुरते स्थलांतर करीत असून भाडेकरू म्हणून माझे सर्व हक्क अबाधित आहेत’ असे स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी. मालक भाडे घेण्यास नकार देत असेल, तर ते मनीऑर्डरने किंवा बँकेमार्फत पाठवत राहावे. थकबाकीदार ठरण्याची संधी त्याला देऊ नये.

लायसन्सवाल्याचे काय?

शेजारच्या खोलीतील कुटुंबाला कलम १०८ लागू होत नाही. लिव्ह अँड लायसन्स म्हणजे जागा वापरण्याची केवळ परवानगी. तिला १८८२ चाच भारतीय सुविधाधिकार कायदा लागू होतो. त्याच्या कलम ६२ नुसार, जागा नष्ट झाली किंवा एखाद्या बलाढ्य शक्तीने ती इतकी कायमची बदलली की परवानगीधारकाला आपला हक्क बजावताच येऊ नये, तर परवानगी रद्द झाली असे मानले जाते. येथे पर्याय वापरण्याचा प्रश्न नाही. परवानगी आपोआप संपते आणि ‘लॉक-इन’ची उरलेली मुदत दाखवून पुढील महिन्यांचे शुल्क मागण्यास आधार राहत नाही. सामान हलवण्यासाठी वाजवी वेळ मात्र कलम ६३ नुसार मिळतो.

अडचण येते ती अर्धवट नुकसानीत. न्हाणीघराचा स्लॅब पडला, स्वयंपाकघर जळाले, पण घर उभे आहे आणि दोन महिन्यांत दुरुस्त होऊ शकते, अशा वेळी परवानगी आपोआप संपत नाही. मग करारातील नोटिशीची मुदत आणि लॉक-इनचे कलम पाहावे लागते. तेथे काहीच लिहिलेले नसेल, तर अनामत रकमेवरून वाद ठरलेला. हा वाद टाळण्याची जागा करार करतानाची आहे. जागा राहण्यास अयोग्य झाल्यास मालकाने किती दिवसांत दुरुस्ती करायची, त्या काळात शुल्क बंद राहील का, मुदतीत दुरुस्ती न झाल्यास लॉक-इन असूनही करार रद्द करता येईल का, आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल, ही चार वाक्ये करारात घालून घेतल्यास पुढचा सारा त्रास वाचतो. करार नोंदवलेला असणेही तितकेच आवश्यक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. लेखी नोंदणीकृत करार नसल्यास, अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर मालक ते खोटे ठरवत नाही.

दुरुस्ती कोणी करायची?

सगळेच नुकसान इमारत पाडण्याइतके नसते. भाडे नियंत्रण कायद्याच्या कक्षेतील जागा चांगल्या व राहण्यायोग्य स्थितीत ठेवण्याची जबाबदारी, करारात वेगळे ठरले नसेल तर, कलम १४ नुसार मालकावर आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत मालक हलला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात ही वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा अधिक नसावी, अशी अट आहे. पागडीच्या तुटपुंज्या भाड्यात एवढ्या रकमेत कौले बदलणेही होत नाही, ही या तरतुदीची व्यावहारिक मर्यादा. तरीही नोटीस देण्याचा उपयोग आहेच. दुर्लक्ष मालकाचे होते, याचा तो पुरावा ठरतो.

मालकाच्या बाजूनेही कायद्याने वाट ठेवली आहे. मोठ्या दुरुस्तीसाठी जागा रिकामी होणे आवश्यक असेल, इमारत पाडून नवी बांधायची असेल, किंवा पालिकेने पाडण्याचा आदेश दिला असेल, तर कलम १६ नुसार मालक न्यायालयाकडून ताबा मागू शकतो. मात्र दुरुस्तीनंतर परतण्याचा भाडेकरूचा हक्क कायद्यात स्वतंत्रपणे जपलेला आहे. मुंबईत असे वाद लघुवाद न्यायालयात चालतात. एक अपवाद लक्षात ठेवावा. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेल्या भागभांडवलाच्या खासगी किंवा सार्वजनिक कंपन्या भाडेकरू असतील, तर त्यांना हा कायदा संरक्षण देत नाही. त्यांची सारी भिस्त करारावर आणि कलम १०८ वर.

पहिल्या आठवड्यातील कामे

नुकसान झाल्यानंतरचे पहिले काही दिवस पुराव्याच्या दृष्टीने निर्णायक असतात. ढिगारा हलला, भिंती रंगल्या, की नुकसान किती होते हे सांगणे कठीण होते. म्हणून जागेची तारखेसह छायाचित्रे काढावीत. आग असेल तर अग्निशमन दलाचा अहवाल, पूर असेल तर तलाठ्याचा किंवा पालिकेचा पंचनामा, आणि इमारत धोकादायक ठरली असेल तर पालिकेची नोटीस यांच्या प्रती मिळवाव्यात. मुंबईत पालिका धोकादायक इमारतींचे वर्गीकरण करते. त्यातील ‘सी-१’ म्हणजे तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, तर ‘सी-२’ म्हणजे दुरुस्तीने वाचू शकणारी. ‘कायमची निरुपयोगी’ ही कायद्याची अट पूर्ण झाली की नाही, हे ठरवताना हा कागद फार उपयोगी पडतो. मालकाने आणलेला अहवाल संशयास्पद वाटल्यास भाडेकरूंनी एकत्र येऊन स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. इमारत पाडण्यापूर्वी प्रत्येक भाडेकरूचे नाव आणि त्याच्या जागेचे क्षेत्रफळ पालिकेच्या नोंदीत आले आहे, याचीही खात्री करावी. पाडल्यानंतर मोजायला काही उरत नाही.

यानंतर निर्णय घ्यायचा तो शांतपणे. भाडेपट्टा संपवायचा असेल तर तसे मालकाला लेखी कळवावे. नुकसान कोणत्या तारखेला व कशाने झाले, जागा कायमची निरुपयोगी का झाली, कोणत्या तारखेपासून भाडेपट्टा रद्द मानला जात आहे आणि अनामत रक्कम व आगाऊ भाडे किती परत हवे, हे स्पष्ट लिहावे. कायद्याने या नोटिशीचा नमुना दिलेला नाही आणि दिवसांची मुदतही घातलेली नाही. पण महिनोन् महिने गप्प राहून, चावी जवळ ठेवून, नंतर ‘आम्ही तेव्हाच सोडले होते’ असे म्हणणाऱ्याचे न्यायालयात फारसे ऐकले जात नाही. पोचपावती मिळेल अशा रीतीने नोटीस पाठवावी आणि चावी दिल्याचीही पावती घ्यावी. करार टिकवायचा असेल तर तेही लेखी कळवावे आणि भाडे नियमित पाठवत राहावे.

थोडक्यात, दुसऱ्या मजल्यावरील त्या दोन कुटुंबांपैकी एकाला लवकर निघायचे आहे आणि दुसऱ्याला हक्क धरून राहायचे आहे. कायदा दोघांनाही आधार देतो, पण दोघांनाही तो कागदावर मागावा लागतो. घर कोसळण्याची वेळ कुणाच्या हाती नसते. त्यानंतर पहिली सही कोणत्या कागदावर करायची, हे मात्र ज्याच्या त्याच्या हाती असते.